हिराआक्का, पिवळ्या मातीबद्दल सांगायचं होतं

हिराआक्का,

तुम्हाला जाऊन आज तेरा दिवस झाले. या तेरा दिवसांत भेटेल त्याच्याशी मी तुमच्याविषयी बोलले. शाळेत बोलले, सोसायटीत बोलले, तुमच्या ओटीवर बसून तुमच्या केळव्याच्या वहिनींशी तर दोन तास बोलले. सगळं खरं बोलले, फक्त एक गोष्ट गाळून. ती तुम्हालाच पहिल्यांदा सांगायची होती आणि तुम्हालाच सांगायची राहिली. आपल्या बावखलाचं पाणी खारं झालं ते माझ्यामुळे. तुमच्या विलासमुळे नाही.

लिहिलं बाई एकदाचं. चार वर्षं हे वाक्य घशात अडकून होतं. आता तुम्ही म्हणणार, "बाई, आधी पाणी प्या, मग बोला." कुणी रागानं आलं, रडत आलं, मतं मागायला आलं, तुमचा तांब्या आधी पुढे. माणूस पाणी पिताना खोटं बोलू शकत नाही, असं तुमचं म्हणणं होतं. चूक आहे ते, आक्का. तुमच्या घरी पाणी पिऊन मी चार वर्षं गप्प बसले.

मी गिरगावातून निर्मळच्या वाटेवरच्या या बिल्डिंगमध्ये आले तेव्हा स्वतःच्या नावावर फ्लॅट घेतलेली एकटी बाई बघायला शेजारीपाजारी काहीतरी निमित्त काढून यायचे. कुणी साखर मागायला, कुणी किती वाजले विचारायला. मागच्या खिडकीतून तुमची वाडी दिसायची. केळी, मोगरा, मांडवावर चढवलेल्या पानवेली. आणि वाडीच्या कडेला, आमच्या भिंतीला लागून काळ्या पाण्याचा एक खड्डा. त्यात थर्माकोल, फुटकी कमोडं, आजूबाजूच्या बांधकामांचा राडारोडा. मी त्याला गटार समजले. एका सकाळी निर्माल्याची पिशवी खिडकीतून नेम धरून त्यात टाकली. नेम माझा पक्का, वर्गात खडू मारून मारून तयार झालेला.

दहा मिनिटांत बेल वाजली. दारात तुम्ही. लुगडं वर खोचलेलं, पाय पोटऱ्यांपर्यंत काळे, हातात माझीच पिशवी, पाणी गळतंय.

"बाई, तुमचं काहीतरी आमच्याकडे राहिलं."

माझ्या नव्या कोऱ्या फरशीवर काळे थेंब पडत होते आणि मी त्या थेंबांकडेच बघत राहिले, कारण तुमच्याकडे बघवेना. भांडला असतात तर मी भांडण्यात कुणाला हार गेले नसते. पण तुम्ही उंबऱ्यावर टेकलात आणि पाणी मागितलंत. प्यायल्यावर म्हणालात, "ते गटार नाय. बावखल आहे ते. आमच्या आजेसासऱ्यांनी खणलेलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, म्हणून आमच्या विहिरी गोड्या राहतात. समुद्र इथून हाकेवर आहे, बाई. तो काय विचारून येतो?"

मी भूगोल शिकवते, आक्का. नद्या, खाड्या, भूजल, सगळं तोंडपाठ. आणि घराच्या मागे काय आहे ते मला एका लुगड्यातल्या बाईनं उंबऱ्यावर बसून शिकवलं. तुम्ही घरात तुमच्या वाडवळी बोलीत बोलायचात आणि माझ्याशी बोलताना 'बाईंसारखं' बोलायला बघायचात, त्यात ते 'नाय' तेवढं सुटून जायचं. मला ते फार आवडायचं. हेही कधी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी मी सोसायटीतल्या सात जणांना दमदाटी करून खाली उतरवलं. रविवारी म्हणजे नऊनंतर, कारण शेजारच्या वाडीतला इनास आणि त्याच्या घरचे चर्चमधली मिस्सा आटोपून यायचे. घमेल्यांची रांग लागायची. वर्षभर आपण नुसता कचरा काढला. काय काय निघालं त्यातून! सायकल निघाली, पंखा निघाला, एक अख्खा दरवाजा निघाला. इनास म्हणाला, "आक्का, अजून थोडं खणा, घरमालकपन निघंल." तुम्ही इतक्या हसलात की घमेलं हातातून सुटलं.

भांडलोही पुष्कळ. मला भोवती जाळी हवी होती, फाटक हवं होतं, फाटकाला कुलूप हवं होतं. "पाण्याला कुलूप लावतात का बाई?" मी म्हणायचे, लोक कचरा टाकतात. तुम्ही म्हणायचात, "तुमीपन टाकलात. कुलूप असतं तर तुमी खाली आला असतात?" मी लगेच विषय बदलायचे. जाळीचं शेवटपर्यंत ठरलं नाही. आजही मला वाटतं जाळी हवी. पण आता वाद घालायला समोर कुणी नाही, आणि एकटीनं जिंकण्यात काही मजा नाही हो.

आता ते मशीन.

मे महिना होता. पाणी आटलं होतं, तळाशी कमरेएवढा काळा गाळ उरला होता आणि तो घमेल्यांनी निघण्यासारखा नव्हता. विलास तेव्हा कामणला गोदामात सुपरवायझर. तिथं आवार सपाट करायला जेसीबी आलेला, तो त्यानं मालकाच्या हातापाया पडून एका दिवसासाठी मिळवला. नेमकं त्याच दिवशी तुम्हाला केळव्याला भावाकडे बारशाला जायचं होतं. निघताना तुम्ही आम्हा दोघांना काठावर उभं केलंत.

"काळं निघेल तेवढं काढा. पिवळी माती दिसली की मशीन बंद. पिवळ्याला हात लावायचा नाय. पिवळ्याखाली रेती, नि रेतीखाली खाडीचं राज्य."

विलास "हो आई" म्हणाला. मी मान डोलावली, माझे शेवटच्या बाकावरचे विद्यार्थी डोलावतात तशी.

दुपारी गोदामातून बोलावणं आलं. विलास म्हणाला, "बाई, दोन तासांत येतो, तुम्ही बघा." तीनच्या सुमाराला काळं संपलं. खाली पिवळी, चिकण, ओली माती दिसायला लागली. ड्रायव्हरनं मशीन थांबवलं आणि मला विचारलं, "बस, मॅडम?"

बस म्हणायचं होतं, आक्का. एवढंच म्हणायचं होतं. पण मी घड्याळात बघितलं. मशीन संध्याकाळपर्यंत आपलं होतं, पुन्हा कधी मिळणार होतं? आणि माझं शहाणपण असं की खोली वाढली म्हणजे पाणी वाढणार, चौथीच्या मुलालाही कळेल! आक्का म्हणजे जुनं माणूस, त्यांचं आपलं काहीतरी ऐकीव. मी ड्रायव्हरला म्हटलं, "अजून दोन फूट घे."

पिवळी माती निघाली, रेती लागली, आणि रेतीतून पाणी वर आलं. काचेसारखं. सोसायटीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. विलास परत आला, काठावरून वाकून बघितलं आणि म्हणाला, "पिवळी माती कुठंय?"

मी म्हटलं, "ड्रायव्हरनं जरा जास्त घेतलं रे."

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले असेन, पण हे एक मला तारखेसकट आठवतं. विलासनं आधी माझ्याकडे बघितलं, मग ड्रायव्हरकडे. तुम्ही संध्याकाळी आलात, काठावर उभ्या राहिलात, तुमच्या हातात बारशाच्या घुगऱ्यांची पुडी तशीच. "बघू," म्हणालात. "पाऊस येऊ दे."

पाऊस आला, बावखल तुडुंब भरलं, आणि मला वाटलं सुटले. पुढच्या फेब्रुवारीत पानवेलींच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. तुम्ही बावखलात बोट बुडवलंत, जिभेला लावलंत आणि थुंकलात. मग विहिरीचं बघितलंत. तेही तसंच. सासऱ्यांच्या हातच्या पानवेली तुम्ही आठ दिवसांत स्वतः कोयतीनं कापून काढल्यात, एकालाही हात लावू दिला नाहीत.

त्या संध्याकाळी मी तुमच्या ओटीवर चहा घेत होते. विलास अंगणात स्कूटर लावत होता. तुम्ही मोठ्यानं बोललाच नाहीत. मोठ्यानं बोलला असतात तर बरं झालं असतं.

"मशीन तू आणलंस. नि टाकून गेलास."

तो खाली मान घालून उभा राहिला. मी कप खाली ठेवला. शपथेवर सांगते, मी बोलणार होते, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "बाई, तुमी घरी जा. हे आमच्या घरातलं आहे."

आणि मी गेले. इतक्या पटकन गेले की चपला उलट्या घातल्या. जिना चढताना मला रडू यायला हवं होतं ना? मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला अजून छळतं.

त्यानंतर तुम्ही विलासशी बोलणं टाकलंत. त्याचं ताट सुनेनं वाढायचं, त्याचा निरोप सुनेनं आणायचा. सहा महिन्यांनी ती दोघं विरारला भाड्याच्या घरात गेली. गणपतीला यायची, विलास फाटकापाशीच घुटमळायचा, प्रसाद सून आत घेऊन जायची. ड्रायव्हरनंच चूक केली असं त्यालाही वाटत असणार, असं मी धरून चालले. सोयीचं होतं ते.

आणि तुम्ही? तुम्ही मला बोलावलंत! "बाई, उन्हाळा लागला. पिवळी माती परत घालायची." इनासनं भातखाचरांकडून बैलगाडीनं चिकणमाती आणली. पंप लावून पाणी उपसायचं, माती पसरायची, शिंपडायची आणि पायांनी तुडवायची. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, एकमेकींच्या खांद्यांवर हात ठेवायचे आणि एका लयीत पाय. पहिल्या दिवशी मी तीनदा आपटले. तुम्ही म्हणालात, "वर्गात उभं राहून पाय गेले तुमचे." पहिल्या उन्हाळ्यात दहाएक माणसं होती, दुसऱ्यात चार. सोसायटीवाल्यांना टाळ्या वाजवायला पाणी हवं होतं, चिखलात कोण येतो? तिसऱ्या उन्हाळ्यात आणि चौथ्यात, म्हणजे यंदा, तुम्ही आणि मीच. इनासचे गुडघे गेले, तो काठावर बसून सूचना द्यायचा.

हे आता लिहायला लाज वाटते, पण ते रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले रविवार होते. माझी आई लवकर गेली. लग्न झालं नाही. कुणाच्या खांद्यावर इतका वेळ हात ठेवून मी कधी उभी राहिले नव्हते. तुम्ही मला माती तुडवता तुडवता सगळं सांगितलंत, तुमचं लग्न, मालक गेले तेव्हा विलास किती लहान होता ते, त्याला मोगऱ्याच्या टोपलीत झोपवून तुम्ही फुलं कशा खुडायचात ते. त्याच्याशी बोलत नव्हतात, पण बोलत त्याच्याविषयीच होतात. आणि मी तुमच्या खांद्यावर हात ठेवून ते ऐकत होते. केवढी निगरगट्ट म्हणायची मी!

गेल्या दिवाळीच्या आधी एकदा तुम्ही विचारलंत, "विलासला बोलवू का हो घरी?"

"बोलवा की," मी म्हटलं.

"त्यानं एकदा, एकदाच 'आई, चुकलो' म्हटलं असतं ना, तर मी दुसऱ्या मिनिटाला त्याच्या पानात वाढलं असतं. पन तोंड उघडलं नाय त्यानं. बापावर गेलाय, अडेल."

तुमच्या हातात सुपारी होती, तुम्ही ती कातरत होतात. मी तुमच्या हातांकडे बघत मनात वाक्य जुळवलं. 'आक्का, तो चुकलाच नव्हता.' पाच शब्दसुद्धा नाहीत. पण मग तुमचे डोळे माझ्याकडे वळले असते आणि त्यानंतर रविवार राहिले नसते. मी म्हटलं, "अनारसे छान झालेत." तुम्ही विलासला बोलावलं नाहीत.

मे महिन्यात, ज्या गुरुवारी तुम्ही गेलात, त्याच्या आधीच्या रविवारी तुम्ही पाणी चाखलंत, जीभ टाळ्याला लावून जरा वेळ थांबलात आणि म्हणालात, "उतरतंय. यंदाच्या पावसानंतर गोडं होईल बघा." एक कोपरा तेवढा तुडवायचा राहिला होता. गुरुवारी मी शाळेत निकालपत्रकं लिहीत होते. शिपायानं येऊन फोन आहे म्हणून सांगितलं. इनास होता. तुम्ही केळीच्या आळ्यापाशी बसल्या होतात त्या उठल्याच नाहीत, म्हणाला.

परवा रविवारी मी एकटीच उतरले. माती भिजवून ठेवली होती, वाळून गेली असती. एकटीनं माती तुडवता येत नाही, आक्का. तोल जातो. पंधरा मिनिटांत मी काठावर येऊन बसले. वरून कुणीतरी खिडकीतून बघत होतं. आधी वाटायचं लोक बघतात तर बघोत, आता वाटलं, एक वेडी म्हातारी चिखलात नाचतेय असंच दिसत असणार. मग मी रडले. चांगली हमसून रडले. इनासनं काठावरून तोंड फिरवलं.

काल बारावं आटोपलं, पाहुणे गेले. सून भांडी विसळत होती आणि विलास बावखलाच्या काठावर एकटाच बसला होता. चाळिशीचा झालाय, केस पिकलेत, तुम्ही नीट बघितलंच नाहीत त्याच्याकडे चार वर्षांत. मी जाऊन शेजारी बसले. मला ठाऊक होतं की आत्ता नाही बोलले तर मी मरेपर्यंत बोलणार नाही. तो मला काय वाटेल ते बोलेल, बोलू दे, या आवारात पाऊल टाकू नका म्हणेल, म्हणू दे.

"विलास, त्या दिवशी मशीन खोल घ्यायला मी सांगितलं होतं. ड्रायव्हरनं नाही."

तो पाण्याकडे बघत राहिला.

"माहीत आहे, बाई. ड्रायव्हरनं त्याच संध्याकाळी सांगितलं मला."

"अरे मग... मग आईला का नाही सांगितलंस? चार वर्षं, विलास!"

"सांगणारच होतो," तो म्हणाला. "बाबा गेल्यावर आईला मी हसताना बघितलं ते तुम्ही इथं यायला लागल्यावर. मला वाटलं, आई माझ्यावर रागावली तरी मी तिचा मुलगाच राहणार. तुमच्यावर रागावली असती तर तुम्ही परत आला असता का?"

मी नाही आले असते, आक्का. मला माझा स्वभाव माहीत आहे. त्यालाही तो माहीत होता.

"वाटलं होतं वर्षभरात राग जाईल तिचा," तो म्हणाला. "म्हटलं, वेळ आहे."

मग तो रडायला लागला. आणि तुम्ही जिथं हात ठेवायला हवा होतात त्या खांद्यावर माझा हात होता. मी तो काढला नाही, पण तो माझा नव्हता ठेवायचा, आक्का. तुमचा होता. चार वर्षं तुमच्या पोरानं स्वतःची आई मला दिली, आणि मी ती गुपचूप घेतली.